इळंगोचं तांबूल

१७ जानेवारी

नायकी म्हणाली, "जन्मात कुणाला पत्र लिहिलं नाहीत, आणि आता वही?" मी म्हटलं, तविलचे बोल उतरवून ठेवतोय, म्हातारपणी विसरायला होतं. खोटं सांगितलं. या वहीत मी इळंगोच्या चुका लिहिणार आहे, तारीखवार. देवळातल्या पंगुनी महिन्याच्या उत्सवाआधी पुरेशा जमल्या की अय्याक्कण्णूपुढं ठेवीन आणि म्हणेन, घे, हा तुझा स्पेशल.

आज एका लग्नाची पत्रिका आली. खाली आमची नावं. नादस्वरम, कीळमंगलम अय्याक्कण्णू. तविल, कीळमंगलम कुंजितपादम. आणि त्याखाली जाड अक्षरात, स्पेशल तविल, मन्नारगुडी इळंगो. माझ्या नावापेक्षा दुप्पट मोठं. मी पट्टीनं मोजलं.

अय्याक्कण्णू माझ्या बायकोचा, नायकीचा भाऊ. तो मला मच्चान म्हणतो, मी त्याला. एकतीस वर्षं तो नादस्वरम, ती लांब सनई, फुंकतोय आणि मी शेजारी उभा राहून तविल बडवतोय, डाव्या हातात काठी, उजव्या हाताची बोटं. एकतीस वर्षांत त्याला माझ्या तविलशिवाय दुसरं लागलं नाही. दीड वर्षापूर्वी अचानक म्हणाला, "आता सगळेच दोन तविल ठेवतात, मच्चान." सगळे ठेवत असतील. सगळे केसही रंगवतात, म्हणून आपण रंगवायचे का?

२० जानेवारी

काही विशेष नाही. नायकी मंदिरात जाताना सांगून गेली की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मी समोरच बसलो होतो. एकही शिट्टी झाली नाही. भात करपला, पातेलं काळं झालं, शेजारची बाई धावत आली. कुकर जुना झालाय म्हटलं तर नायकी माझ्याकडं नुसती बघत राहिली. ती हल्ली बोलते कमी, आणि बोलली तरी पदर तोंडात घेऊन.

२७ जानेवारी

काल कुंभकोणमला लग्न. आता सगळं लिहितो, कारण ही चूक नाही, दरोडा आहे.

मुहूर्ताला आम्ही मांडवाच्या डाव्या अंगाला बसलो होतो. मंगळसूत्र बांधायची वेळ आली की भटजी हात वर करून ओरडतात, गेट्टी मेळम, आणि त्या क्षणी जे वाजत असेल ते टाकून द्यायचं आणि जीव खाऊन वाजवायचं, म्हणजे कुणाची शिंक, कुणाचं रडणं, काही अभद्र नवरीच्या कानी जाता कामा नये. तो ठोका पहिल्या तविलचा. माझा. मी खाली वाकून उजव्या हाताच्या बोटावरची चिंधीची कडक टोपी घट्ट करत होतो, कारण एक ढिली झाली होती. तेवढ्यात इळंगोनं सुरू केलं. मला न विचारता, माझ्याकडं न बघता. मी मान वर केली तर गाठ बांधूनसुद्धा झाली होती.

जेवणाच्या पंगतीत मी अय्याक्कण्णूला धरलं. म्हटलं, तुझ्या स्पेशलला रीत माहीत नाही का? भटजींनी हाक द्यायच्या आधीच सुटला.

तो पानातली रसम ढवळत बसला. मग म्हणाला, "तीनदा ओरडले ते, मच्चान."

"मी समोर होतो."

"तुम्ही समोरच होतात," म्हणाला, आणि वाढप्याला ताक मागितलं.

म्हणजे मेव्हणासुद्धा फितला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच. रात्रभर अंगाचा तिळपापड झाला.

९ फेब्रुवारी

चूक क्रमांक दोन लिहायला बसलो आणि सापडेना. खरं लिहायचं तर त्याचा हात चांगला आहे. चांगला कसला, माझ्या तिशीत माझा नव्हता असा आहे. डाव्या हातातली काठी तर अशी पडते की छातीत लागते. उजव्या हाताच्या बोटांचं मात्र मला कौतुक वाटत नाही. लोक त्याच बोटांवर मान डोलावतात, मोबाइल वर करतात, पण मला तिथून काही स्पष्ट येत नाही, सगळं पुसट. तोच पुसटपणा लोकांना नवीन वाटत असेल. काय सांगावं.

आणि त्याची एक खोड. माझ्या शेजारी उभं राहायचं सोडून तो समोर येऊन उभा राहतो, माझ्याकडं तोंड करून, आणि वाजवताना सरड्यासारखी मान हलवत राहतो. आमच्या बापानं असं उभं राहणाऱ्याच्या पाठीत काठी घातली असती. मी एकदा म्हटलं, "तंबी, तविल मानेनं वाजवतात का?" तर हसला आणि काहीतरी पुटपुटला. तोंडातल्या तोंडात बोलायची त्यालाही सवय आहे. माझी नक्कल करतो बहुतेक.

मला त्याचा हेवा वाटतो. इथं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

१६ फेब्रुवारी

पक्किरीशी भांडलो. तो आमच्याकडं टाळ धरतो, वीस वर्षं. टाळ म्हणजे आमचा खांब, त्यावर सगळं उभं. हल्ली तो फडक्यात गुंडाळल्यासारखा मारतो. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "पक्किरी, जेवत नाहीस का? टाळ वाजव, गोंजारू नकोस." त्याचं तोंड उतरलं. अय्याक्कण्णू मध्ये पडला, "जाऊ द्या, मच्चान, त्याचा हात दुखतोय." मग पक्किरीनं हात दुखत असल्यासारखा दाबून धरला, आधी दाबला नव्हता. मी ते पाहिलं. नाचता येईना अंगण वाकडं.

फोनही येत नाहीत कुणाचे. संध्याकाळी पाहिलं तर सात जणांनी करून पाहिलेला. वाजला एकही नाही. इळंगोचा फोन म्हणे सारखा खणखणतो.

९ मार्च

आज जे केलं ते लिहू की नको, असं तासभर चाललंय. लिहितो.

उत्सवाचा ध्वज चोवीसला चढतो, नवव्या दिवशी रथ. दहा दिवस देव बाहेर पडताना आमचं मेळम वाजतं. देव गाभाऱ्याचा उंबरा ओलांडतो त्या क्षणाची पहिली थाप तविलची असते, नादस्वरम मागाहून येतं. ती थाप माझी आहे. आधी बापाची होती, त्याच्या आधी त्याच्या बापाची. गेल्या वर्षी पहिल्या थापेला इळंगो नुसता मागे उभा होता, तरी लोक विचारत होते, तो पोरगा पहिली थाप कधी देणार? मी ऐकलं नाही ते, नायकीनं घरी येऊन सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

सकाळी अय्याक्कण्णू ताट घेऊन आला. विड्याची पानं, अख्खी सुपारी, एक नाणं, वर फूल. उत्सवाला वाजवणाऱ्याकडं असं तांबूल घेऊन माणसाला जावं लागतं, फोनवर बोलवून कुणी येत नाही. आलं तांबूल तर तो बांधला गेला, नाही आलं तर तो मानी माणूस असेल तर फिरकतसुद्धा नाही. अय्याक्कण्णू खोकत होता. म्हणाला, "मन्नारगुडीला तुम्हीच जा, मच्चान. तुमच्या हातून गेलं तर इळंगोला किती बरं वाटेल."

गेलो. बस मन्नारगुडीला पोचली तेव्हा दहा वाजले होते. त्याचं घर देवळाच्या मागच्या गल्लीत आहे, मला माहीत आहे. मी तळ्याच्या पायरीवर बसलो. जरा दम घेऊ म्हटलं. ताटावरचं फडकं काढलं. पानं कोवळी होती, कुंभकोणमची. एक खाल्लं. मग वाटलं, तीन पानांऐवजी दोन दिली तर काय कळतंय. मग दुसरं खाल्लं. मग सगळी खाल्ली, सुपारी दाढेत धरून फोडली, नाणं तळ्यात टाकलं आणि बारा वाजेपर्यंत लाल थुंकत बसलो. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर तोंड काढून थुंकताना मला हसू येत होतं.

१० मार्च

अय्याक्कण्णूला सांगितलं की तांबूल त्यानं घेतलं नाही. तिरुचीकडं कुणी बडा नादस्वरमवाला आहे, त्याला म्हणे शब्द दिलाय.

"देवाचं तांबूल परत केलं?" तो तीनदा म्हणाला. त्याच्या ओठांवरून कळत होतं.

"मग काय, मोठा झाला आता," मी म्हटलं.

तो ओट्यावर बसून राहिला. मला वाटलं होतं चिडेल. चिडला नाही. घाबरला. कशाला घाबरला हे मला कळलं नाही. मी असताना?

१८ मार्च

पंधरा दिवसांत पहिल्यांदा झोप लागली. नायकी मात्र काही खात नाही. दहीभात ढकलते आणि भावाकडं जाते. दोघं माझी पाठ वळली की बोलतात.

गावात सगळीकडं झालंय की इळंगोनं देवाचं तांबूल धुडकावलं. मी एकालाच सांगितलं होतं.

२४ मार्च

ध्वज चढला. देव निघाला. पहिली थाप माझी पडली, आणि ती चांगली पडली, ते कुणी नाकारणार नाही. मी सुखात होतो. समोर मान हलवणारा सरडा नव्हता, समोर नुसते लोक.

दक्षिण गल्लीच्या कोपऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी रंगात होतो. मला वाटलं मी आवर्तन घेऊन बरोबर समेवर आलो, आणि वर बघतो तर अय्याक्कण्णूनं नादस्वरम तोंडातून काढलेलं. लोक गप्प. पालखी उचलणाऱ्यांची पावलंसुद्धा चुकली, पालखी एका अंगाला कलली, पुजाऱ्यानं हात लावून सावरली. मी पक्किरीकडं बघून ओरडलो, "मार की टाळ!" तो मारत होता. त्याचे हात हलत होते. मला दिसत होते.

मग अय्याक्कण्णूनं एक गोष्ट केली. तो वळला, देवाकडं पाठ होणार नाही असा तिरका वळला, माझ्यासमोर आला, आणि नादस्वरम तोंडाला लावून उलटं चालायला लागला. साठीचा माणूस. पुढचा रस्ता त्याला दिसत नव्हता. नादस्वरमाचं तोंड प्रत्येक मात्रेला खाली, वर, खाली, वर. मी त्याच्यावर नजर ठेवली आणि वाजवलं. चारही गल्ल्या तो तसाच उलटा चालला. दोनदा अडखळला.

२५ मार्च

सकाळी नायकीनं मला अंगणात स्टुलावर बसवलं. स्वतः समोर उभी राहिली. मला वाटलं दृष्ट काढतेय.

ती बोलत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. मीही तिच्याकडं बघत होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं की तिच्या पापण्या ठरावीक वेळानं मिटतायत. एक, दोन, तीन, चार. आदि तालात. तिला ताल धरता येत नाही, मग हा ताल कुणाचा? मी वळून पाहिलं. माझ्या मागे, हातभर अंतरावर, पक्किरी उभा होता. टाळ छातीशी धरून जोरजोरात मारत होता आणि रडत होता.

मी म्हटलं, "किती वेळ मारतोयस?"

नायकी पुढं आली. मग माझ्या कानाला तोंड लावून, सावकाश, आणि मला वाटतं मोठ्यानं, म्हणाली, "अहो, दीड वर्ष."

अय्याक्कण्णू मागाहून आला. सगळं सांगितलं. समोर बसून, तोंड मोठं करून, लहान मुलाला सांगतात तसं. तविलवाल्यांचे कान जातातच, बारीक आवाज आधी जातात, टाळ, शिट्ट्या, बोटांचे बोल. काठीचा आवाज राहतो. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी तविल खुंटीला लावलं असतं. म्हणून दुसरा आणला. इळंगोला आधी सगळं सांगून आणला. समोर उभं राहून मान हलवायची कल्पना त्याचीच. पत्रिकेत स्पेशल लिहायला त्यानं तीनदा नाही म्हटलं होतं. लग्नवाल्यांनी आपलं आपण छापलं.

"आणि त्यानंच पाठ फिरवली," अय्याक्कण्णू म्हणाला. "तेच मला समजत नाही, मच्चान."

कान गेले याचं दुःख करायला मला सवड झाली नाही, दिवसभर दाढेखाली ती सुपारी जाणवत होती.

२६ मार्च

अय्याक्कण्णूचा घोटा सुजलाय. आज पुन्हा उलटा चालला.

२८ मार्च

पहाटेच्या बसनं मन्नारगुडी. नायकीलासुद्धा सांगितलं नाही. ताट घेतलं, पानं घेतली, सुपारी घेतली. या वेळी तळ्याच्या बाजूनं गेलोच नाही, बाजारातून वळसा घातला.

इळंगो ओसरीवर बोटांच्या टोप्या करत बसला होता. चिंधीची पट्टी खळीत बुडवून बोटावर वेढे घ्यायचे, वाळवायचे. उजवा हात त्यात अडकलेला, म्हणून त्याला उठून नमस्कारही करता येईना. त्याची आई आत गेली ती बाहेर आली नाही. कॉफीही आली नाही.

मी समोर बसलो. म्हटलं, "तंबी, माझ्याकडं तोंड करून बोल. मला ऐकू येत नाही."

हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं. नायकीला सांगितलं नव्हतं, तिनं मला सांगितलं होतं. आणि सांगायला माणूस मिळाला तो हा.

त्यानं मान वर केली. "कळलं का तुम्हाला? बरं झालं, अण्णा." मग म्हणाला, "मी काय केलं होतं? तुमच्याकडून तांबूल येणार म्हणून आई पाच दिवस दारात रांगोळी घालत होती. आलं नाही. वर ऐकतोय की मीच परत पाठवलं."

"आलं होतं."

"कुठं?"

"तळ्यापर्यंत. मी पायरीवर बसून खाल्लं."

त्यानं विचारलं, "सगळं?"

"सुपारीसकट."

त्याच्या तोंडाचा कोपरा हलला, हसणार होता. पण आतल्या दाराशी आई उभी होती, तिच्याकडं त्याची नजर गेली आणि हसू गेलं.

"अण्णा, गेल्या आठवड्यात दोन लग्नं गेली माझी. देवाला नाही म्हणणारा आमच्या मुहूर्ताला नको, म्हणाले. आईला देवळात कुणी कुंकू लावत नाही." टोपीचं टोक त्यानं दातानं तोडलं. "येतो मी. मला पहिली थाप नको, पैसे वाढवून नकोत. पण हे तुम्ही तिथं सांगायचं. मेळम सुरू व्हायच्या आधी. देव, विश्वस्त, गाव, सगळे असताना."

मी म्हटलं, "अय्याक्कण्णूला एकट्याला सांगितलं तर?"

"खोटं काय एकट्या अय्याक्कण्णू मामांनीच ऐकलं का? ते मन्नारगुडीपर्यंत आलं."

मला त्याचा राग आला. तो बरोबर होता म्हणून जास्त आला. बसमध्ये बसेपर्यंत मी ठरवलं होतं की सांगायचं नाही, येऊ दे नाहीतर राहू दे. घरी पोचलो तेव्हा अय्याक्कण्णू गरम पाण्यात पाय सोडून बसला होता. नायकी घोट्याला हळद लावत होती.

१ एप्रिल

रथाचा दिवस.

इळंगो आला. आई बरोबर होती, नवं लुगडं नेसून, खांबाशी. तो माझ्या मागे उभा राहिला, तविल खांद्याला, टोप्या घातलेल्या. गाभाऱ्यात आरती चालली होती, देव उचलायला माणसं वाकली होती. अजून थोडा उशीर केला असता तर मेळम सुरू झालं असतं आणि राहूनच गेलं असतं. मला तसंच हवं होतं. मी टोपी घट्ट करतोय असं दाखवत मान खाली घातली. खाली अय्याक्कण्णूचा पाय दिसला, फडकं बांधलेला.

मी पुढं झालो आणि बोललो. "इळंगोनं तांबूल परत केलं नाही. मी पोचवलं नाही. मी ते खाल्लं, जळफळाटानं. आणि गावात खोटं पसरवलं." माझा आवाज किती मोठा होता मला माहीत नाही. आपला आवाज हल्ली आपल्यालाच मोजता येत नाही. पण पुजारी आरती हातात तशीच धरून वळला, म्हणजे मोठा असावा. मग म्हणालो, "आज पहिली थाप त्याची."

हे त्यानं मागितलं नव्हतं. माझ्या तोंडून कसं निघालं कळलं नाही.

लोकांची तोंडं हलायला लागली. विश्वस्तांचं हललं, पक्किरीचं हललं, अय्याक्कण्णू काहीतरी बराच वेळ बोलत होता. काय बोलला ते मी विचारलं नाही. इळंगोच्या आईनं पदरानं डोळे पुसले, ते दिसलं.

देव उंबऱ्यावर आला. इळंगोनं थाप दिली. काठीची मला ऐकू आली. तीन पिढ्यांत ती पहिल्यांदा दुसऱ्या घराची होती, आणि चांगली होती, माझ्यापेक्षा चांगली. लोकांनी हात जोडले, मोबाइल वर केले, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. वाटलं, तविल उतरवून घरी जावं. कबुली दिली म्हणून हेवा जातो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं मला येऊन विचारावं.

मग तो वळला आणि माझ्यासमोर आला. अय्याक्कण्णू सरळ, पुढं बघून चालत होता. इळंगो उलटा चालायला लागला, मान हलवत, उजव्या हाताची ती बोटं माझ्या डोळ्यांपुढं. चार गल्ल्या. मला त्या हाताकडं बघवत नव्हतं, आणि क्षणभर जरी दुसरीकडं बघितलं असतं तरी ताल सुटला असता. सुटला नाही.